फवारणी म्हणजे तोंडी लावणं, जेवण नव्हे



पेरणीचे दिवस जवळ आले. राबाच्या जागा साफ व्हायला लागल्यात आणि मोबाईलवर फवारणीचे व्हिडिओ सुरू झालेत. एका व्हिडिओत एक जण म्हणतो, गोमूत्र आणि जीवामृत फवारा, खताची एक गोणी लागणार नाही. दुसऱ्यात दुसरा म्हणतो, ही बाटली फवारा, युरियाची गोणी विसरा. एक देशी गाईचा भक्त, दुसरा कंपनीचा. पण दोघांचं म्हणणं एकच: भाताला पानातून जेवू घाला, जमिनीतून घालायची गरज नाही.

हे म्हणणं खोटं आहे. याच पानावर मी ते पसरवलंय, म्हणून खोडायचं कामही माझंच.

2021 च्या खरिपात मी इथे एक फोटो टाकला होता. जया भाताचं पान, गर्द हिरवं, बोटभर रुंद. खाली लिहिलं होतं, "गोमूत्र आणि गांडूळपाण्याच्या दोन फवारण्या. युरियाला रामराम." लोकांनी भरभरून वाहवा केली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली नव्हती. त्याच खाचरात चिखलणीच्या वेळी मी गिरिपुष्पाचा पाला गाडला होता, आणि लावणीच्या दिवशी चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचल्या होत्या. युरियाला रामराम म्हणजे वरून फेकायच्या युरियाला, असं माझ्या मनात होतं. लोकांनी वाचलं ते वेगळंच. फोटोत पान होतं, पानाखालचं खत नव्हतं.

आमच्या वाडीतल्या एका काकांनी ती पोस्ट नातवाकडून वाचून घेतली. 2022 ला त्यांनी 30 गुंठ्यांत खताचा एक दाणा टाकला नाही. मनापासून मेहनत केली. ड्रम भरले, ढवळले, गाळले, फवारले. ऑगस्टमध्ये भात पिवळट दिसायला लागलं तेव्हा आणखी एक फवारणी केली. फुटवे आलेच नाहीत. एरवी त्या तुकड्यात 12 क्विंटल भात व्हायचं, त्या वर्षी साडेसात झालं. सहा माणसांचं घर. भरडून तांदूळ झाला पाच क्विंटलच्या आसपास, त्यातून पाहुणे, सण, देणीघेणी. मृग लागायच्या आधीच कणगीचा तळ दिसला. ज्या घराने कधी तांदूळ विकत आणला नव्हता, त्या घरात दुकानातली पिशवी आली.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीच विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "तू लिवलंस म्हणून केलं मी. माझं कुठं काय म्हणणं हाय?"

शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी हिशोब घालायला बसलो. हिशोब अवघड नाही, चौथीच्या पोराला जमेल. तो आधी करायला हवा होता.

एक टन भात पिकतं तेव्हा ते पेंढ्यासकट साधारण 15 ते 20 किलो नत्र उचलतं. एकरी 16 क्विंटल धरलं तर 24 ते 32 किलो. पाण्याने, हवेने काही वाया जातं, म्हणून आपल्या कोकणात सुधारित जातींना हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद, 50 किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी 40 किलो नत्र.

आता जीवामृताचा ड्रम बघा. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर माती. ताज्या शेणात नत्र अर्धा टक्का धरा, म्हणजे 50 ग्रॅम. गोमूत्रात एक टक्का धरा, म्हणजे 100 ग्रॅम. बेसनातून 70 ग्रॅमच्या आसपास. गुळात जवळपास काही नाही. सगळं मिळून पाव किलोही नाही. गरज 40 किलोची आणि ताटात पाव किलो. जिवाणू कितीही काम करोत, ड्रममध्ये नाही ते बादलीत कुठून येणार?

शिबिरात याचं उत्तर ठरलेलं असतं: झाडाचा 98.5 टक्के भाग हवा, पाणी आणि उन्हातून येतो, जमिनीतून फक्त दीड टक्का. झाडाच्या अंगाचा फार मोठा वाटा हवा-पाण्याचा, हे खरंच आहे. पण भांडण त्या थोड्याशा वाट्याचंच आहे. हवा-पाणी माझ्या खाचरात फुकट आहे आणि शेजाऱ्याच्याही. पीक अडतं ते उरलेल्यापाशी. मिठाशिवाय आमटी होत नाही, आणि आमटीत पाणीच जास्त असतं म्हणून मीठ नको असं कुठली बाई म्हणत नाही.

"पण आमच्याकडे पहिल्या वर्षी चांगलं पीक आलं," असं कुणीतरी म्हणणारच. येतं. जमिनीत मागची शिल्लक असते, पाण्यातलं शेवाळ थोडं नत्र धरतं, कुजलेल्या धसकटातून थोडं सुटतं. खत न घालता भात अजिबात पिकत नाही असं मी म्हणत नाही. आपले आजोबा-पणजोबा पिकवायचेच की. पण ते किती पिकवायचे हेही घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ड्रमचं पीक म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा जमिनीच्या शिलकीचं असतं. शिलकीवर घर किती वर्षं चालतं?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, नाहीतर दुकानवाले खूश होऊन ही पोस्ट पुढे ढकलतील.

नॅनो युरियाची बाटली 2021 ला आली. अर्धा लिटर, 4 टक्के नत्र. म्हणजे बाटलीत 20 ग्रॅम. युरियाची 45 किलोची गोणी म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम नत्र. आणि सांगितलं काय, तर एक बाटली बरोबर एक गोणी. फेकलेल्या युरियातला तिसरा हिस्साच पिकाला लागतो असं धरलं तरी तो सात किलोच्या आसपास होतो. 20 ग्रॅमने सात किलोचं काम करायचं? नंतर 20 टक्क्यांची बाटली आली, तरी नत्र 100 ग्रॅमच. हंगामात दुकानात गोणी मागितली की "बाटली घ्यावीच लागेल" हा अनुभव किती जणांना आलाय, ते मी वेगळं सांगायला नको. ज्या हिशोबाने जीवामृताचं जेवण अपुरं पडतं, त्याच हिशोबाने बाटलीचंही पडतं. गाईचं नाव घेतलं काय आणि विज्ञानाचं घेतलं काय, वजनकाटा एकच.

ही मर्यादा फवारणाऱ्याची नाही, पानाची आहे. साधा युरियाच पानातून द्यायचा ठरवला तरी 2 टक्क्यांच्या पुढे गेलं की पान करपायला लागतं. एकरी 200 लिटर पाण्यात 2 टक्के म्हणजे 4 किलो युरिया, म्हणजे पावणेदोन किलोच्या थोडं वर नत्र. 40 किलो पानातून भरायचं तर वीसच्या वर फवारण्या हव्यात. कोकणात? जुलैत?

पावसाचंही बोलायलाच हवं. हे व्हिडिओ कुठून येतात? जिथे महिन्यात चार वेळा पाऊस पडतो तिथून. आमच्या कर्जतकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. फवारणीनंतर निदान चार-सहा तास उघडीप हवी, आणि जुलैत ती मागून मिळत नाही. त्यात भाताचं पान मेणचट. थेंब मोत्यासारखा घरंगळतो आणि खाली पाण्यात जातो. रिठ्याचं पाणी किंवा दुकानातलं चिकटद्रव्य घातल्याशिवाय फवारलेलं अर्धं औषध बेडकांना जातं.

मग युरिया फेकणारे शहाणे का? अजिबात नाही. साठलेल्या पाण्यात गोणी फोडून मुठीने युरिया भिरकावणारे आपण सगळेच आहोत, मीही होतो. काही भाग वाफ होऊन हवेत जातो, काही बांधावरून वाहून ओढ्याला मिळतो, काही चिखलात वायू होऊन उडतो. आठ दिवसांत शेत काळंभोर दिसतं आणि छाती फुगते. मग पान लुसलुशीत होतं, करपा येतो, दाट बुंध्यात तपकिरी तुडतुडे बसतात, आणि परतीच्या पावसात भात आडवं होतं. मग औषधाची बाटली. युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते म्हणून आपण ती मिठासारखी नाही, भातासारखी वाढतो. स्वस्त गोणीमागून महाग बाटली येते, हे गणित दुकानदाराला पाठ आहे. आपल्याला कधी होणार?

मग करायचं काय? दोन्ही करायचं, पण ज्याचं त्याचं काम त्याला देऊन. जेवण जमिनीतून, तोंडी लावणं पानातून.

जेवणाचा रस्ता नवा नाही. कोकणात चारसूत्री भात लागवड कित्येक वर्षं सांगितली जातेय. तुसाची राख गादीवाफ्यात, पेंढ्याचा काही भाग परत जमिनीत. गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीआधी, त्यातून हेक्टरी 10 ते 15 किलो नत्र मिळतं. ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो तेच हे झाड. बांधावर फांद्या खोचल्या की लागतात, एक रुपया खर्च नाही. मग 15 आणि 25 सेंटिमीटर आलटून पालटून अंतराची लावणी, आणि त्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात मधोमध 2.7 ग्रॅमची एक युरिया-डीएपी गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. गुंठ्याला 625 गोळ्या, वजन पावणेदोन किलोच्या आत. हेक्टरी 170 किलोच्या आसपास गोळ्यांतून 57-58 किलो नत्र आणि 30 किलोच्या आसपास स्फुरद. खोल चिखलात हवा नसते, त्यामुळे नत्र तिथेच धरून राहतं, उडत नाही, वाहत नाही, मुळं जाऊन हळूहळू घेतात. गोळीत पालाश नसतं, ते वेगळं द्यायचं, हे बरेच जण विसरतात.

त्रास आहे, लपवत नाही. 625 वेळा वाकायचं म्हणजे कंबर बोलते, आणि ती कंबर बहुतेक घरातल्या बायकांची असते. ऐन हंगामात गोळ्या मिळवायला दोन-तीन ठिकाणी हिंडावं लागतं. यावर कुणी बोलत नाही. गोळी खोचणारं हलकं, टिकाऊ अवजार वाडीवाडीत हवं, त्यासाठी आरडाओरडा करायला हवा. पण आपण भांडतो ते देशी गाय का जर्सी यावर.

आता तोंडी लावणं. फवारणी कधी कामाची? भात पोटरीत येतं तेव्हापासून दाणा दुधात येईपर्यंत. दाणा भरतो तो मुख्यतः वरच्या दोन-तीन पानांच्या जिवावर. तोवर मुळं थकलेली असतात, आणि नेमकी तेव्हा आपल्याकडे उघडीप मिळायला लागते. त्या वेळी ही पानं आठ-दहा दिवस जास्त हिरवी राहिली तर पळिंज कमी होतं. हे काम थोडक्यात भागणारं आहे, म्हणून पानाला जमतं.

मी करतो ते असं. पोटरीत एक आणि लोंब्या पूर्ण निसवल्यावर एक, अशा दोन फवारण्या. 16 लिटरच्या पंपाला 800 मिली गाळलेलं गोमूत्र, किंवा दीड लिटर गांडूळपाणी, सोबत रिठ्याचं पाणी. गोमूत्र 10 टक्क्यांच्या वर नेऊ नका, पान भाजतं. पालाश कमी पडतंय असं वाटलं तर 13:0:45 पंपाला 160 ग्रॅम, पण वेगळ्या दिवशी. गोमूत्र, विद्राव्य खत आणि कीटकनाशक एकाच पंपात कालवू नका, काय फुटेल आणि काय साकळेल ते सांगता येत नाही. भात फुलोऱ्यात असताना सकाळी नऊ ते बारा पंप उचलू नका, तेव्हा फुलं उघडी असतात. किडीसाठी 5 टक्के निंबोळी अर्क वेळेवर मारला तर उपयोग होतो, मात्र तुडतुड्यांनी बुंधे काळे केल्यावर कुठलाही अर्क त्यांना हटवत नाही.

आणि हे सगळं करून फायदा किती? इथेच सगळे गप्प बसतात, म्हणून मी मोजलं.

2023 ला एकाच खाचरात मध्ये बांध घालून एक-एक गुंठ्याचे चार तुकडे केले. जात तीच, लावणी एकाच दिवशी. पहिल्यात जमिनीत काही नाही, फक्त नैसर्गिक फवारणी. दुसऱ्यात पाला आणि गोळी, फवारणी नाही. तिसऱ्यात पाला, गोळी आणि नुसत्या साध्या पाण्याची फवारणी. चौथ्यात पाला, गोळी आणि गोमूत्र-गांडूळपाणी. साध्या पाण्याची का? कारण फवारायला गेलो की मी शेत नीट बघतो, फुटलेला बांध लिंपतो, तण उपटतो. त्याचं श्रेय गोमूत्राला जायला नको.

झोडून, वाळवून वजन केलं. पहिला 26 किलो, दुसरा 41, तिसरा 41, चौथा 43. 2024 ला तुकड्यांच्या जागा बदलल्या. 24, 42, 43, 44.

म्हणजे जमिनीतल्या खताने फरक पडला गुंठ्याला 15 ते 18 किलोचा. फवारणीने, साध्या पाण्याशी ताडून बघितलं तर, एक-दोन किलोचा. दीड धरू. एकरी 60 किलो. 2024-25 च्या 2300 रुपये हमीभावाने 1380 रुपये. घरचं गोमूत्र, घरचा पंप आणि घरचा माणूस असेल तर करा, चार पैसे उरतात. मजूर लावून आणि विकतच्या बाटल्या आणून करत असाल तर पैसे दुकानात नेऊन द्यायचे, एवढंच. आणि एवढा फरक एका खाचराच्या उताराचाही असू शकतो, म्हणून मी तो मिरवणार नाही. यंदा तिसऱ्यांदा करणार.

विद्यापीठातल्या आणि कृषी खात्यातल्या साहेबांनाही एक सांगणं आहे. शेतकऱ्याने गोमूत्राचं विचारलं की "शिफारस नाही" म्हणून विषय संपवू नका. तुम्ही गप्प राहता म्हणून ती जागा व्हिडिओवाले भरतात. गावातल्या चार खाचरांत, शेतकऱ्याच्या हाताने, साध्या पाण्याच्या तुकड्यासकट प्रयोग लावा आणि आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. फरक पडला तर पडला म्हणा, नाही तर नाही म्हणा. कर्जतचं भात संशोधन केंद्र आमच्या दारात आहे. जाती आम्ही तिथून नेतो, असले आकडेही न्यायची आमची तयारी आहे.

आणि माझ्यासारख्या फोटो टाकणाऱ्यांनो, पानाचा फोटो टाकाल तेव्हा पानाखाली काय घातलं तेही लिहा. आदल्या वर्षी काय घातलं होतं तेही. आणि साध्या पाण्याचा तुकडा ठेवला नसेल तर "फरक पडला" हे दोन शब्द लिहू नका. आपल्या लाइकवर कुणाची तरी कणगी अवलंबून असते.

त्या काकांच्या 30 गुंठ्यांत 2023 ला मी स्वतः गोळ्या खोचायला गेलो, घरची दोन माणसं घेऊन. पाला त्यांच्याच बांधावरचा. त्या वर्षी भात साडेबारा क्विंटल झालं. पोटरीत त्यांनी गोमूत्राची फवारणीही केली. मी नको म्हटलं नाही. मला म्हणाले, "आता जेवलंय ते. वरून लोणचं वाढाया हरकत नाय."

2021 ची ती पोस्ट मी काढून टाकलेली नाही. तिच्याखाली आज हा हिशोब जोडतोय. ज्यांनी ती पुढे पाठवली होती त्यांनी हीही पाठवा.